लंडन ते सिडनी : वेळ नेमका कुठे वाचला?

लंडन आणि सिडनी यांच्यातले थेट हवाई अंतर सुमारे १७,००० किलोमीटर. आज वाटेत एक थांबा घेऊन हा प्रवास साधारण २२ ते २४ तासांत होतो. विमानांचा वेग वाढला म्हणून हे जमले, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे.

१९१९ साली ऑस्ट्रेलिया सरकारने बक्षीस जाहीर केले : इंग्लंडहून ३० दिवसांच्या आत ऑस्ट्रेलिया गाठणाऱ्या ऑस्ट्रेलियन वैमानिकांना १०,००० पौंड. रॉस आणि कीथ स्मिथ हे भाऊ दोन मेकॅनिक सोबत घेऊन १२ नोव्हेंबरला लंडनजवळच्या हाउन्सलोहून निघाले आणि १० डिसेंबरला डार्विनला उतरले. जवळजवळ २८ दिवस लागले, पण विमान हवेत होते ते अवघे १३५ तासांच्या आसपास, म्हणजे सहा दिवसही नाही. बाकीचा काळ जमिनीवर गेला. आजच्या इंडोनेशियातल्या सुराबायाला तर चाके चिखलात रुतली. बांबूच्या चटया अंथरून धावपट्टी केली, तेव्हा कुठे विमान उडाले.

एप्रिल १९३५ मध्ये ब्रिटनची इम्पीरियल एअरवेज आणि ऑस्ट्रेलियाची क्वांटास या विमान कंपन्यांनी मिळून लंडन–ब्रिस्बेन प्रवासी सेवा सुरू केली. प्रवास साडेबारा दिवसांचा. पॅरिस ते इटलीतले ब्रिंडिसी हा टप्पा चक्क रेल्वेने! पुढे कराची, जोधपूर, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता असे थांबत, विमाने बदलत जायचे आणि रात्रीचा मुक्काम हॉटेलात.

१९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती गेले आणि हा मार्ग तुटला. त्यावर १९४३ पासून जो तोडगा निघाला, तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वात धाडसी वाटतो. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पर्थहून श्रीलंकेतल्या कोग्गला सरोवरापर्यंत कॅटलिना जातीची सागरी विमाने कुठेही न थांबता जात. ताशी जेमतेम दोनशे किलोमीटरचा वेग, रेडिओ बंद, सलग २७ ते ३३ तास उड्डाण. इंधनाचेच वजन इतके की प्रवासी फक्त तीन. एका उड्डाणात दोनदा सूर्योदय दिसे, म्हणून या फेऱ्यांना ‘डबल सनराइज’ हे नाव पडले.

१ डिसेंबर १९४७ ला कॉन्स्टेलेशन विमानाने सिडनी–लंडन सेवा सुरू झाली आणि प्रवास चार दिवसांवर आला. मग जेट आले. बोइंग ७०७ ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडे. आजचे बोइंग ७८७ ड्रीमलायनरही त्याच वेगाने उडते. तेव्हापासून जो वेळ वाचला, तो थांबे गळत गेल्यामुळे. ऑगस्ट १९८९ मध्ये क्वांटासच्या ७४७-४०० विमानाने लंडन–सिडनी अंतर २० तास ९ मिनिटांत एका दमात कापले. पण त्यात तिकीट काढलेला एकही प्रवासी नव्हता आणि इंधनही खास, जास्त घनतेचे भरलेले होते. प्रवाशांसाठी ऑस्ट्रेलिया–लंडन थेट सेवा मार्च २०१८ मध्ये सुरू झाली, तीही पर्थहून : १४,५०० किलोमीटर, सुमारे १७ तास.

लंडन–सिडनी थेट सेवेसाठी क्वांटासने मागवलेल्या एअरबस ए३५०-१००० विमानांत २०,००० लिटर इंधनाची जादा टाकी आहे, आसने मात्र २३८ च.

थेट मार्गाचे गणित किती काठावरचे असते, हे एप्रिल २०२४ मध्ये दिसले. मध्यपूर्वेतल्या तणावामुळे वळसा घ्यावा लागला, तेव्हा पर्थहून लंडनला जाणारे विमान इंधनासाठी सिंगापूरला उतरू लागले. लंडनहून पर्थला येणारे मात्र पाठीशी असलेल्या वाऱ्याच्या जोरावर थेटच येत राहिले.