खांदा दुखतोय, लॅक्टिक अ‍ॅसिडला सोडा!

"लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय, चार फेऱ्या मारल्या की मोकळं होईल." तलावाकाठी पालकांच्या बाकावर बसलं की हे कानावर पडतंच. बिचारं लॅक्टेट, म्हणजे जोराच्या व्यायामात स्नायूंत तयार होणारं हेच लॅक्टिक अ‍ॅसिड! व्यायाम थांबल्यावर तास-दोन तासांत ते रक्तातून निवळलेलं असतं. काल पोहलेल्या मुलीचा खांदा आज दप्तर उचलताना ठणकतो, तेव्हा ते घटनास्थळी नसतंच.

जरा हिशेब करू. 50 मीटरच्या तलावात फ्रीस्टाइलच्या एका फेरीला साधारण 40 हात धरा. प्रत्येक खांद्याला 20. एका सत्रात सहा किलोमीटर म्हणजे 120 फेऱ्या, एका खांद्याची 2400 आवर्तनं. आठवड्याला आठ-नऊ सत्रं झाली की वीस हजार!

हा भार झेलते सुप्रास्पायनेटस या खांद्यातल्या छोट्या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. तो विणलेला असतो कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांनी, आणि खरी गंमत इथे आहे. ताण पडला की कंडरेतल्या पेशी जुने धागे तोडायला आणि नवे विणायला एकदमच घेतात. पण पहिले 24 ते 36 तास तोडणं पुढे असतं, विणणं मागून येतं. म्हणजे सरावानंतर कंडरा काही काळ चक्क कमी होते, मग भरून येते. आता सकाळ-संध्याकाळ सराव असेल, तर विणकर मागावर बसतो न बसतो तोच पुन्हा ओढाताण. धागे विस्कटतात, मध्ये पाणी धरणारे रेणू वाढतात, दोर जाड होतो, पण दुबळा.

ऑस्ट्रेलियात 80 अव्वल जलतरणपटूंना तपासलं, त्यातल्या 91 टक्क्यांचा खांदा दुखत होता. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 52 जणांचा एमआरआय काढला. 69 टक्क्यांमध्ये हीच कंडरा बिघडलेली. आठवड्याला 15 तासांहून जास्त पोहणाऱ्यांत ही शक्यता दुप्पट.

रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकी जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर जांभळी वर्तुळं दिसली आणि कपिंगची, म्हणजे कप लावून त्वचा ओढून घेण्याच्या उपचाराची, दुकानं जोरात चालली. त्वचेखाली रक्त साकळलं, एवढंच ते वर्तुळ सांगतं.

आपल्याकडे दहावीसाठी सहा महिने पाणी बंद, आणि मे महिन्यात थेट दोन वेळचं शिबिर. दमसास लवकर सावरतो, कंडरा नाही. दुखलं की "आज नुसते पाय मार" म्हणून हातात धरायची तरंगती फळी देतात. पण हात पुढे ताणून फळी धरली की तीच कंडरा हाडाखाली दाबली जाते. पाय मारायचेच तर फळी काठावर ठेवा, हात अंगालगत.