कॉम्प्युटर नव्याने जोडल्यावर रॅम का अडते?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे जुना डेस्कटॉप भंगारात न घालता पुन्हा उभा करणारी घरं पुष्कळ आहेत. कॅबिनेट जुनंच, मदरबोर्ड आणि प्रोसेसर नवा, रॅमची, म्हणजे काम चालू असताना माहिती धरून ठेवणाऱ्या मेमरीची, एक पट्टी हाताशी असलेली आणि जोडीला एक विकत आणलेली. बटण दाबलं की पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच. नाहीतर 16 जीबी बसवून 8 जीबीच दिसते. अशा वेळी ‘रॅम गेली’ म्हणून लगेच नवी घेऊ नये. नुकत्याच जोडलेल्या मशीनमध्ये चिप सहसा शाबूत असते, खोट जोडणीत किंवा सेटिंगमध्ये निघते.

रॅममध्ये एक बिट, म्हणजे एक 0 किंवा 1, साठवायला एक कप्पा लागतो. त्यात एक ट्रान्झिस्टर (विजेचा स्विच) आणि विद्युतभार धरणारा एक इवलासा कपॅसिटर असतो. ही रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, पेटंट 1968 चं. कपॅसिटरमधला विद्युतभार गळक्या घागरीतल्या पाण्यासारखा सतत झिरपतो, म्हणून दर 64 मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कप्पा पुन्हा भरावा लागतो. 16 जीबीत असे सुमारे 13,700 कोटी कप्पे असतात. इतकं नाजूक काम चालायचं तर पट्टीचा प्रत्येक संपर्क पक्का हवा. डेस्कटॉपच्या डीडीआर4 या रॅमच्या पिढीतल्या पट्टीवर असे 288 संपर्क असतात.

आपल्याकडच्या पावसाळ्यात महिनोन्‌महिने कपाटात पडलेल्या पट्टीवर ओल आणि धुळीचा थर बसतो. दुकानात गेलं की पहिला सल्ला ठरलेला, ‘आधी पुसून बसवा की.’ सल्ला बरोबर आहे, पण खोडरबर जोरात घासू नका. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, तो गेला की खालचा धातू गंजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड बरं. वीज बंद करून, प्लग काढून पट्टी सरळ दाबा, खटका बसेपर्यंत. रॅमच्या चार खाचा (स्लॉट) असलेल्या बोर्डावर दोनच पट्ट्या असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. बोर्डाचं पुस्तक बघाच. अर्धी मेमरी गायब असेल तर कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळलेत का, तेही पाहा. त्याने प्रोसेसरचा सॉकेटमधला, म्हणजे बोर्डावरच्या त्याच्या बैठकीतला, संपर्क सुटू शकतो.

जुनी-नवी जोडी हे दुसरं दुखणं. पाकिटावर 3200 छापलेलं असलं तरी तो वेग बऱ्याचदा एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी तयार सेटिंग) चालू केल्यावरच मिळतो आणि त्यासाठी व्होल्टेज 1.2 वरून 1.35 वर जातं. दोन वेगळ्या पट्ट्यांना तो ताल झेपेलच असं नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी बंद करून बघा. त्याने मशीन स्थिरावलं तर पट्टी परत करायची गरज नाही.

तरीही अडलं तर एकेक पट्टी एकाच खाचेत घालून मेमटेस्ट86+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. हे मोफत आहे आणि पेनड्राइव्हवरून चालतं. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी खराब. चांगली पट्टीही एका विशिष्ट खाचेत चुकली तर बोर्ड किंवा सॉकेट. एकही चूक खपवून घेऊ नये.

मला खरी भीती वाटते ती मशीन बंद पडण्याची नाही, ते चुकतमाकत चालू राहण्याची. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक 0915 आणि ‘ग’चा 0917, 0-1 मध्ये लिहिले तर दोघांत फरक एका बिटाचा. तो बिट रॅममध्ये उलटला आणि फाइल सेव्ह झाली की लग्नपत्रिकेतले ‘कोरे’ ‘गोरे’ होतात. दोन्ही आडनावं खरी, त्यामुळे स्पेलचेकरही गप्प. फोटो असेल तर मधूनच रंगांचा पट्टा उमटतो. झिप फाइल उघडतच नाही.

त्यामुळे चाचणी निर्दोष होईपर्यंत जुन्या डिस्कवरचे फोटो, उतारे, हिशेब नव्या मशीनवर हलवू नका. आधीच हलवले असतील तर ती डिस्क फॉरमॅट न करता बाजूला ठेवा आणि रॅम नीट झाल्यावर सगळं पुन्हा एकदा कॉपी करा.