स्कॉर्मची सक्ती: पार्श्वभूमी

स्कॉर्म म्हणजे संगणकावरचा कोर्स तो चालवून नोंदी ठेवणाऱ्या कोणत्याही प्रणालीवर (एलएमएस) चालावा, यासाठीचे अमेरिकी संरक्षण खात्याचे तांत्रिक मानक. संगणकावरच्या लष्करी प्रशिक्षणाचे प्रयोग अमेरिकेत १९६० च्या दशकातच सुरू झाले होते. पण एका प्रणालीसाठी बांधलेला कोर्स दुसरीवरही चालला पाहिजे, ही निकड आधी भासली ती विमान उद्योगाला. त्याच्या समितीने १९९३ मध्ये त्यासाठीचे पहिले नियम आखले. संरक्षण खात्याचा यासाठीचा उपक्रम १९९७ चा. जानेवारी १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने नागरी खातीही त्यात ओढली गेली, मात्र मानकांचे काम संरक्षण खात्याकडेच राहिले. पुढच्या बऱ्याच गोष्टींचे मूळ इथे आहे.

स्कॉर्म १.० जानेवारी २००० मध्ये आले, आणि खऱ्या अर्थाने रुजलेले १.२ ऑक्टोबर २००१ मध्ये. ते साधे होते, म्हणूनच रुजले. त्याच्या उणिवा मात्र रोजच्या कामात टोचायच्या. ‘पूर्ण’ आणि ‘उत्तीर्ण’ या दोन्हींसाठी रकाना एकच. सगळी पाने पाहून परीक्षेत नापास झालेल्या जवानाची नोंद कशी करायची, हे ज्याने त्याने आपापल्या परीने ठरवले. अर्धवट सोडलेला कोर्स पुढे चालू करण्यासाठीची माहिती ४,०९६ अक्षरांत बसवावी लागे. लांबलचक कोर्सला ती जागा पुरत नसे.

२००४ च्या आवृत्तीने हे दोन रकाने वेगळे केले. तेवढ्यावर थांबले असते तर वाद झालाच नसता. पण त्याच आवृत्तीत सिक्वेन्सिंग, म्हणजे धड्यांचा क्रम ठरवणारे नियम, आले. त्यामागचा तर्क बिनतोड होता: एकच धडा दहा कोर्समध्ये वापरायचा, तर आपल्यानंतर कोणता धडा येतो हे त्या धड्याला ठाऊक असता कामा नये. तेव्हा क्रमाचे नियम मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे कोर्ससोबतच्या सूचीच्या फाइलमध्ये, लिहायचे आणि ते पाळण्याची जबाबदारी एलएमएसची. प्रत्यक्षात पूर्वचाचणी उत्तीर्ण झालेल्याला एक धडा गाळू द्यायचा, एवढ्यासाठीही नियमांचे जंजाळ उभे राही, आणि तेच पॅकेज (कोर्सच्या सगळ्या फाइलींचा गठ्ठा) दोन एलएमएसवर दोन तऱ्हांनी वागे. दुरुस्त्या करता करता २००९ मध्ये चौथी आवृत्ती निघाली. कंत्राटदारांनी तोवर पळवाट शोधली होती. अख्खा कोर्स एकाच स्कोमध्ये (एलएमएसशी बोलणारा कोर्सचा सुटा घटक) कोंबायचा आणि क्रम आतल्या आत सांभाळायचा. असे पॅकेज, मानक पाळले की नाही हे पाहणाऱ्या अनुरूपता चाचणीत उत्तीर्ण होई; पुनर्वापराचा हेतू तेवढा बाजूला पडे.

हा घोळ निस्तरला नसतानाच, २००६ मध्ये, संरक्षण खात्याच्या निर्देशाने स्कॉर्म सक्तीचे केले. सोबत कोर्सच्या साहित्याची मध्यवर्ती नोंदणीही आली. समर्थकांचे म्हणणे असे की सरकारी खरेदीचा दट्ट्या नसता तर विक्रेते हललेच नसते. विरोधकांचा आक्षेप होता की पॅकेज उघडते आणि एलएमएसशी बोलते, एवढेच चाचणी सांगते; ते काही शिकवते का, हे सांगत नाही. आक्षेप खरा आहे, पण जरा अन्यायाचा. एलएमएस बदलली की कोर्स नव्याने बांधायचा, हा खर्च याच सक्तीमुळे आटोक्यात आला. फसला तो पुनर्वापराचा भाग, आणि तो कोणत्याही नियमाने साधला असता असे वाटत नाही. एका दलाच्या धड्यातली उपकरणे, हुद्दे आणि कार्यपद्धती दुसऱ्याच्या कामाच्या नसतात. ते सगळे काढून टाकले तर शिकवण्याजोगे फारसे उरत नाही.

त्यानंतर मोबाइल आणि सिम्युलेटर आले आणि ब्राउझरच्या खिडकीत बांधलेले स्कॉर्म तोकडे पडू लागले. २०१३ च्या एक्सएपीआय १.० या नव्या तांत्रिक नियमावलीने ‘कोणी, काय केले, कशावर’ अशी विधाने कुठूनही नोंदवण्याची मोकळीक दिली. त्या मोकळिकीत ‘काय केले’ सांगणारी क्रियापदेही ज्याची त्याची झाली. एक्सएपीआयवरच बेतलेल्या २०१६ च्या सीएमआय५ या नियमावलीने म्हणून कोर्स सुरू करण्याचे नियम आणि ठरावीक क्रियापदे परत आणली. २०१७ मध्ये निर्देश नव्याने निघाला. त्यात एकट्या स्कॉर्मचा आग्रह सुटला होता आणि एक्सएपीआयची वाट मोकळी झाली होती. एक्सएपीआयला औपचारिक मानकाचा दर्जा २०२३ मध्ये मिळाला. १.२ ची पॅकेजेस मात्र आजही बनतात आणि चालतात.