मुळीला हवा मिळाली पाहिजे : सातारा-सांगलीत ऑर्किड जगवताना

फुलांनी लगडलेली ऑर्किडची कुंडी घरी येते. दोन-तीन महिने फुलं टिकतात, मग दांडा वाळतो. त्यानंतर पानं मऊ पडून सुरकुतायला लागतात, म्हणून पाणी वाढवलं जातं आणि पावसाळा संपेपर्यंत रोप जातं. असं रोप कुंडीतून उपसून पाहिलं तर मुळ्या तपकिरी आणि पोकळ निघतात. एखादी मुळी बोटांत धरून ओढली की साल हातात येते आणि आतला दोरा तेवढा उरतो. पानं सुकत होती ती पाणी ओढणारी मुळीच कुजल्यामुळे. वाढवलेल्या पाण्याने उरलीसुरली मुळीही संपली.

ऊस आणि द्राक्षाच्या या पट्ट्यात ‘पांढरी मुळी’, म्हणजे पाणी आणि अन्न ओढणारी कोवळी जिवंत मुळी, सगळ्यांना ठाऊक आहे : ती टिकली तर पीक टिकतं. ऑर्किडलाही तोच नियम लागू पडतो, फक्त ही मुळी मातीसाठी घडलेली नाही. आपण घरी वाढवतो ती बहुतेक ऑर्किडं मूळची झाडांच्या फांद्यांवर राहणारी आहेत. ती बांडगुळं नव्हेत. यजमान झाडाचा रस ती शोषत नाहीत, नुसता आधार घेतात. त्यांच्या मुळीवर व्हेलामेन नावाचा मृत, पोकळ पेशींचा थर असतो. पाऊस पडला की हा थर भराभर पाणी धरतो आणि ते सावकाश आतल्या जिवंत पेशींकडे जातं. थर कोरडा असताना त्या पोकळ पेशींत हवा असते, त्यामुळे मुळी चांदीसारखी पांढरट दिसते. पाणी भरलं की थर पारदर्शक होतो, खालचं हरितद्रव्य दिसू लागतं आणि मुळी हिरवी होते. पाणी कधी द्यायचं हे ठरवायला याहून भरवशाची खूण नाही : मुळ्या पांढरट झाल्या की पाणी द्या, हिरव्या असतील तर थांबा. ऑर्किडसाठी पारदर्शक कुंडी वापरतात ती मुख्यतः एवढ्यासाठीच.

आतल्या जिवंत पेशींना श्वसनासाठी प्राणवायू लागतो. पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट कमी असतो. त्यामुळे मुळीभोवतीचं माध्यम सतत चिंब राहिलं तर मुळी गुदमरते, आणि गुदमरलेल्या मुळीत बुरशी शिरते. रोपवाटिकेतून आलेल्या रोपाच्या पोटात बऱ्याचदा शेवाळाचा (स्फॅग्नम मॉसचा) घट्ट गोळा असतो. हरितगृहात मोजून पाणी देणाऱ्याला तो सोयीचा पडतो. आपल्या घरात वरून कोरडा दिसणारा हा गोळा आतून आठ-आठ दिवस ओला राहतो. फुलं संपली की पहिलं काम म्हणजे हा गोळा काढणं.

माध्यमाचं साहित्य गावातच मिळतं. लोणारी कोळशाचे 2 ते 3 सेंटीमीटरचे तुकडे पाच भाग, विटांचे किंवा जुन्या कौलांचे तेवढेच तुकडे तीन भाग, नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन भाग. कोळसा आणि वीट आधी चाळून, धुऊन घ्यावी, नाहीतर चुरा तळाशी बसून भोकं बुजवतो. सोडण आठवडाभर पाण्यात भिजत ठेवून रोज पाणी बदलावं. त्यातून निघणारं तपकिरी पाणी म्हणजे टॅनिन, आणि त्याबरोबर क्षारही निघून जातात. साताऱ्यात, विशेषतः शहराच्या पश्चिमेकडे, पावसाळा लांबतो. तिथे सोडण एकच भाग घ्यावं किंवा अजिबात घेऊ नये. सांगली, तासगाव, जत भागातल्या कोरड्या हवेत दोन भाग चालतं. कुंडी लहानच हवी. 40 सेंटीमीटर उंचीच्या डेंड्रोबियम या ऑर्किडला 10 ते 12 सेंटीमीटर व्यासाची कुंडी पुरते. मोठ्या कुंडीत मधला भाग वाळत नाही आणि कुजण्याची सुरुवात तिथूनच होते. रोप हलत असेल तर काठीला बांधा, कारण हलणाऱ्या रोपाची नवी मुळी टोकाशी घासली जाऊन थांबते.

कुंडी बदलण्याची वेळ कॅलेंडरवर नव्हे, रोपावर पाहायची. नव्या फुटव्याच्या बुडाशी मुळीची हिरवी टोकं एक-दोन सेंटीमीटर बाहेर आली की बदला. आपल्याकडे हे बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा वळवाच्या पावसानंतर दिसतं. थंडीत झोपलेल्या रोपाची कुंडी बदलली तर जुनी मुळी तुटते आणि नवी येत नाही.

कोणतं रोप कुठे लावायचं?

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि सांगली शहरात त्याच्या एक-दशांशाच्या आसपास. एवढ्याशा अंतरात हवा इतकी बदलते, म्हणून साताऱ्यातल्या माणसाचा सल्ला मिरजेत जसाच्या तसा चालत नाही. सांगली-मिरजेच्या गच्चीसाठी जाड कांड्यांची संकरित डेंड्रोबियम आणि व्हांडा ही ऑर्किडं सर्वांत सोशिक. त्यांना 50 टक्क्यांची शेडनेट लागते, मात्र पश्चिमेचं ऊन पूर्ण अडवावं. फॅलेनॉप्सिसला 75 टक्के सावली हवी, शक्यतो घराच्या पूर्वेची खिडकी. त्याला फुलांचा दांडा यायला काही आठवडे तापमान 25 अंशांच्या खाली राहावं लागतं. 28 अंशांच्या वर ते पानंच काढत राहतं. सातारा, वाई, पाचगणीकडे ऑक्टोबरनंतरच्या रात्री हे काम आपोआप करतात. सांगलीत दिवसाही गारवा राहील अशी जागा शोधावी लागते. सिंबिडियमला त्याहून थंड रात्री लागतात, त्यामुळे पाचगणी-महाबळेश्वरबाहेर त्याच्या नादी लागू नये. सांगलीत त्याची पानं भरघोस येतात, फुलं येत नाहीत.

थंडीची दुसरी बाजूही आहे. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान 15 अंशांखाली गेलं की जाड कांड्यांची डेंड्रोबियम पानं टाकतात. ती मेलेली नसतात. या दिवसांत पाणी आठवड्यातून एकदाच, तेही सकाळी द्यावं. फॅलेनॉप्सिस घरात घ्यावं.

उन्हाळ्यातला त्रास वेगळा आहे. फॅलेनॉप्सिस, व्हांडा, कॅटलिया आणि अनेक डेंड्रोबियम पाण्याची बचत करतात ती अशी : पर्णरंध्रं दिवसा मिटलेली असतात, रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवायचा आणि दिवसा उजेडात त्यापासून साखर बनवायची. म्हणजे रोपाचं पोट रात्रीच्या हवेवर भरतं. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतो. त्यावर ठेवलेल्या रोपाची रंध्रं नीट उघडत नाहीत आणि दुपारी उजेड कितीही असला तरी वाढ थांबते. म्हणून कुंड्या जमिनीवर ठेवू नका. छातीएवढ्या उंचीवर टांगा, खाली गोणपाट अंथरून संध्याकाळी ते भिजवा. पानं मात्र अंधार पडण्याआधी कोरडी असली पाहिजेत.

क्षार आणि खत

वाळवा, पलूस, मिरज भागात क्षारपड जमिनीचा प्रश्न सगळ्यांना माहीत आहे. त्या पट्ट्यातल्या बोअरचं पाणी ऑर्किडला घातलं की तोच प्रश्न कुंडीत उभा राहतो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, कोळशावर पांढरी पुटं चढतात आणि मुळीची टोकं काळी पडतात. पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार 200 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 200 भागांच्या) आत असावेत. मोजायचा मीटर बागायतदाराकडे असतोच, तो मागून आणावा. पावसाचं पाणी हा याच्यावरचा चांगला उपाय आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 20 चौरस मीटर पत्र्यावर 10 मिलिमीटरची एकच सर 200 लिटरचं पिंप भरते. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्या आणि पिंपाला झाकण ठेवा. 25 कुंड्यांना एका वेळी साधारण पाच लिटर लागतं, म्हणजे एका पिंपातून 40 वेळा पाणी निघतं. बोअरच्या पाण्यात निम्मं मिसळलं तर दुप्पट.

खताला कृषी सेवा केंद्रातलं 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी 19 टक्के) पुरेसं आहे. एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. अर्ध्या ग्रॅममधून लिटरमागे 95 मिलिग्रॅम नत्र मिळतं आणि ऑर्किडची गरज तेवढीच आहे. द्राक्षाच्या हिशेबाने लिटरला चार-पाच ग्रॅम टाकलं तर मुळी जळते. महिन्यातून एकदा कुंडीच्या तिप्पट साधं पाणी ओतून क्षार धुऊन काढा. एकदा ओता, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा ओता. साठलेले क्षार पहिल्या पाण्यात विरघळतात आणि दुसऱ्या पाण्याबरोबर वाहून जातात.

पावसाळ्यातला कुजवा

जुलै-ऑगस्टमध्ये पानावर पाण्यात भिजल्यासारखा डाग येतो, तो काळा होतो आणि चार दिवसांत कोंबापर्यंत उतरतो. हा फायटोफ्थोरा किंवा पिथियम या बुरशीसारख्या जीवाचा कुजवा. द्राक्षावरच्या डाऊनीच्याच (केवड्याच्याच) गटातला हा जीव आहे, म्हणून बागायतदाराच्या घरात साहजिकच मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाकडे हात जातो. तो आवरायला हवा. ताम्रयुक्त औषधं ऑर्किडच्या कोवळ्या फुटीला आणि कळ्यांना जाळतात, डेंड्रोबियमला तर विशेष. त्याऐवजी रोगट भाग निरोगी भागात दोन सेंटीमीटर आत जाऊन कापावा, रोप कोरड्या जागी हलवावं आणि मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबचं मिश्र औषध लिटरला दोन ग्रॅम घेऊन फवारावं, हातमोजे आणि मास्क लावूनच. पानाच्या कापावर दालचिनीची पूड चालते. मुळीवर ती टाकू नये, मुळी वाळते.

डाग पिवळसर, पातळ आणि दुर्गंधी येणारा असेल तर तो जिवाणूंचा मऊ कुजवा. त्यावर बुरशीनाशकाचा उपयोग होत नाही. भाग कापून टाकणं आणि पाणी तोडणं एवढंच हातात असतं. फॅलेनॉप्सिसच्या पोंग्यात, म्हणजे मधल्या पानांच्या बेचक्यात, साचलेलं पाणी हे दोन्ही रोगांचं दार आहे. कुंडी किंचित तिरपी टांगली तर पाणी साचतच नाही, कारण मूळ अधिवासात हे रोप पानं खाली सोडून वाढतं. साताऱ्याच्या झडीत वर पारदर्शक पत्रा हवा. नुसती शेडनेट पाऊस अडवत नाही.

पिठ्या ढेकूण दिसला तर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून घ्यावा आणि आठ-आठ दिवसांनी तीनदा तेच करावं. गोगलगाई रात्री बॅटरी घेऊन वेचाव्यात.

मंडळाने करायची कामं

या छंदातल्या काही गोष्टी एकट्याला झेपत नाहीत. दहा-बारा जणांचं मंडळ महिन्यातून एकदा जमलं तर कोळशाचं पोतं, शेडनेटचा रोल, मीटर सामाईक होतात. खरा फायदा मात्र रोपांच्या भिशीत आहे. ज्याची पाळी असेल त्याने आपल्या वाढलेल्या रोपाचे वाटे द्यायचे. डेंड्रोबियम आणि कॅटलियाचा वाटा करताना प्रत्येकाला तीन ते चार कांडी ठेवावीत. एक-दोन कांड्यांचा वाटा जगतो, पण फुलायला दोन वर्षं जास्त घेतो. डेंड्रोबियमच्या जुन्या कांड्यावर आलेलं पिल्लू तीन मुळ्या पाच सेंटीमीटरच्या होईपर्यंत काढू नये.

वाट्याबरोबर रोगही वाटला जातो, आणि याबाबत मंडळाने कडक असावं. सिंबिडियम मोझाइक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे विषाणू कापताना रसातून पसरतात आणि त्यांच्यावर औषध नाही. म्हणून प्रत्येक रोपाला नवं ब्लेड, नाहीतर कात्री ज्योतीत तापवून घेणं. एक ब्लेड वाचवण्यापायी सगळ्यांचा संग्रह पणाला लावण्यात अर्थ नाही. नवं रोप कुणाचंही असो, सहा आठवडे वेगळं ठेवायचं. नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहावी, पेनाची शाई उन्हात उडते.

दुसरा नियम रानातल्या ऑर्किडबद्दल. ऑर्किडला आपल्याकडे आमरी म्हणतात, आणि सातारा जिल्हा आमरींनी समृद्ध आहे. कासच्या पठारावर पावसाळ्यात हबेनारियाच्या जाती फुलतात, घाटातल्या झाडांवर सीतेची वेणी लोंबते. यातलं एकही रोप घरी आणायचं नाही. वनक्षेत्रातून रोप उचलणं हा गुन्हा आहे, आणि शिवाय ते जगतही नाही. हबेनारिया दरवर्षी नवा कंद भरते आणि जुना संपतो. फुलावर असताना उपटलं तर नवा कंद अर्धवटच राहतो, आणि ज्या बुरशीच्या सोबतीने ते वाढतं ती त्या जमिनीतच राहते.

ही बुरशीची सोबत बियांपासून सुरू होते. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, एका बोंडात हजारो ते लाखो. त्यात रुजण्यापुरताही अन्नसाठा नसतो, तो बुरशी पुरवते. 1899 मध्ये फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी हे दाखवलं. 1922 मध्ये अमेरिकेच्या लुईस नडसन यांनी बुरशीऐवजी साखर घातलेल्या आगार या जेलीवर निर्जंतुक बाटलीत बी रुजवलं. आज रोपवाटिका बाटलीतली रोपं विकतात ती याच पद्धतीने. एका बाटलीत साधारण 25 ते 40 रोपं निघतात, आणि एवढी रोपं मंडळालाच परवडतात.

बाटली फेब्रुवारीत किंवा पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फोडावी. कोमट पाण्यात आगार पूर्ण धुवावं. थोडं जरी राहिलं तरी त्यातल्या साखरेवर बुरशी धरते. रोपं आकारानुसार वेगळी करून शेवाळ आणि बारीक कोळशाच्या सामाईक कुंडीत लावावीत आणि वर पारदर्शक डबा ठेवावा. बाटलीतल्या दमट हवेतल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो, म्हणून डबा पहिला आठवडा बंद, मग रोज थोडा-थोडा उघडत तीन-चार आठवड्यांत काढावा. डेंड्रोबियम आणि फॅलेनॉप्सिस त्यानंतर दोन-तीन वर्षांत फुलतात, व्हांडा त्याहून उशिरा.

एकाच बाटलीतली रोपं साताऱ्यात आणि सांगलीत दोन्हीकडे वाटली तर मंडळाला आपल्याच हवेचा अभ्यास करता येतो. प्रत्येकाने चारच गोष्टी टिपाव्यात : रोजचं किमान तापमान, पाणी दिल्याची तारीख, नवी मुळी दिसल्याचा दिवस, फुलांचा दांडा दिसल्याचा दिवस. तीन हिवाळ्यांच्या नोंदी शेजारी मांडल्या की कोणत्या गच्चीवर कोणता संकर लावायचा ते बाहेरच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा नेमकं कळतं.