ब्रेकची भोकंवाली मोठी डिस्क टाकली की गाडी लवकर थांबते? नाही राव!

ट्रॅक डेला (रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस) स्विफ्ट न्यायची म्हणलं की संभाजीनगरात पहिला सल्ला ठरलेला, "भोकंवाली मोठी डिस्क टाक, गाडी जाग्यावर थांबते." वर्षानुवर्षं हेच सांगायलेत लोक.

अरे पण गाडी शेवटी थांबते टायरच्या पकडीवर. ब्रेक जोरात दाबल्यावर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) पायाखाली टरटर करायलं म्हणजे कंपनीच्या ब्रेकमधी टायरला झेपेल त्याच्यापेक्षा जास्त ताकद आधीच आहे, मग डिस्क मोठी करून पहिल्या ब्रेकला अंतर कमी कसं होणार?

ट्रॅकवर खरी मारामारी उष्णतेशी. 120 वरून थांबताना 60 च्या चौपट ऊर्जा जिरवावी लागते, अन् तीबी प्रत्येक लॅपला. कन्नडचा घाट ब्रेकवरच उतरलेल्या गाडीचा करपट वास आठवा, तो ब्रेक पॅडचा, म्हणजे डिस्कला घासणाऱ्या भागाचा. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ब्रेक ऑइल उकळणं. नवं डॉट 4 ऑइल किमान 230 डिग्रीपर्यंत टिकतं, पण ते हवेतलं पाणी ओढतं अन् मुरलेल्या ऑइलची हमी 155 वर येते. उकळलं की वाफ, वाफ दबते, पेडल सरळ खाली.

म्हणून आधी ताजं ऑइल (डॉट 5 नको, ते सिलिकॉनचं) अन् ट्रॅकचे पॅड. मोठ्या डिस्कचा फायदा उष्णता सोसायला होतो, नाही असं नाही, पण रिममधी बसते का बघा. भोकं मात्र शोभेचीच, तापून तिथूनच तडे जातात. अन् शेवटचा लॅप हळू मारा, तापल्या गाडीला हँडब्रेक लावू नका, गिअरमधी सोडा.