खेकडे, गोड्या पाण्यातील (सातारा–सांगली)

सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोयना, वेण्णा, उरमोडी, वारणा या कृष्णेच्या उपनद्यांच्या खोऱ्यांत आढळणारे कवचधारी वर्गातील दशपाद प्राणी. समुद्री खेकड्यांच्या उलट यांच्या अंड्यांतून पाण्यात तरंगणारे डिंभ (अपूर्ण वाढ झालेली, प्रौढाहून वेगळ्या रूपाची पिल्ले) बाहेर पडत नाहीत. मादी मोजकी, आकाराने मोठी अंडी पोटाच्या रुंद झडपेखाली बाळगते आणि त्यांतून थेट खेकड्याच्या रूपाची पिल्ले निघून काही काळ तिला बिलगून राहतात. प्रवाहाबरोबर दूर पसरण्याची वाट अशा रीतीने बंद झाल्यामुळे काही जाती एखाद्या पठारापुरत्या किंवा ओढ्यापुरत्या मर्यादित राहिल्या आहेत.

वर्गीकरण व उगम यांबाबत मतभेद आहेत. प्राणिशास्त्रज्ञ अल्कॉक यांनी १९१० साली जबड्याच्या उपांगाचा शेवटचा खंड अखंड आहे की दुभंगलेला, यावरून भारतीय खेकड्यांचे गट पाडले. प्राणिशास्त्रज्ञ बॉट यांनी १९७० मध्ये त्यांची अनेक कुले मानली. आता या भागातील खेकडे गेकार्सिनुसिडी या एकाच कुलात घालतात व जातिनिश्चितीसाठी प्रामुख्याने नराच्या पहिल्या जननपादाची (प्रजननासाठी रूपांतरित झालेल्या पोटावरील उपांगाची) ठेवण पाहतात. हे कुल गोंडवनाच्या (दक्षिणेकडील प्राचीन महाखंडाच्या) जीवसृष्टीचा वारसा असावे, ही जुनी समजूत आकर्षक असली तरी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या रेणवीय (डीएनएवर आधारित) अभ्यासाने तिला पाठिंबा दिला नाही. त्यानुसार मध्य इओसीन काळाच्या सुमारास (सु. ४.८ ते ३.८ कोटी वर्षांपूर्वी) भारतीय उपखंडातून आग्नेय आशियाकडे खेकड्यांचे स्थलांतर झाले असावे. समुद्र ओलांडण्यास असमर्थ अशा प्राण्यांचा हा पुरावा असल्याने तो अधिक ग्राह्य वाटतो.

बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस ही मोठी, बिळे करणारी जाती पश्चिम भारतात दूरवर पसरलेली आहे. याउलट गुबर्नेटोरियाना आणि २०१४ साली स्थापन झालेली घाटियाना या प्रजातींतील (जवळच्या जातींच्या गटांतील) खेकडे सामान्यतः लहान व पश्चिम घाटापुरते सीमित आहेत.

पाटण, जावळी, शिराळा या भागांत पहिल्या पावसानंतर रात्री बत्तीच्या उजेडात खेकडे धरतात. ह्याच हंगामात काही माद्यांच्या झडपेखाली पिल्ले असल्याने एक मादी उचलली की तिची सारी वीण जाते, आणि मर्यादित प्रदेशातील जातींना ही हानी लवकर भरून काढता येत नाही. माण, खटाव, जत, आटपाडी या पर्जन्यछायेतील तालुक्यांतील नोंदी तुरळक आहेत.