नानजिंगचा जांभळा पर्वत आणि तिथल्या समाधी

15 फेब्रुवारी 1912 रोजी, म्हणजे चीनच्या अखेरच्या सम्राटाने राजत्याग केल्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी, नव्या प्रजासत्ताकाचे हंगामी अध्यक्ष सन यत-सेन आपल्या सहकाऱ्यांना आणि लष्करी अधिकाऱ्यांना घेऊन नानजिंगच्या पूर्वेकडील डोंगरावर गेले. तिथे मिंग घराण्याचा संस्थापक झू युआनझांग याची समाधी आहे. पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी मृत्यू पावलेल्या या सम्राटाला उद्देशून त्यांनी निवेदन वाचले, की परक्या मांचूंची, म्हणजे ईशान्येकडून येऊन चीनवर राज्य करणाऱ्या घराण्याची, सत्ता संपली असून देश पुन्हा आपल्या लोकांच्या हाती आला आहे. राजेशाही कायमची मोडीत काढणाऱ्या क्रांतीच्या नेत्याने त्याची वार्ता प्रथम एका राजालाच द्यावी, हे वरवर विसंगत वाटते. या डोंगराचा इतिहास पाहिला, तर मात्र ती तिथली रीतच होती असे म्हणावे लागते.

डोंगराचे आजचे नाव झिजिनशान, म्हणजे जांभळा-सोनेरी पर्वत. सकाळ-संध्याकाळी माथ्यावर दिसणाऱ्या रंगछटांवरून ते पडले, असे सांगतात. उंची जेमतेम 448 मीटर असली, तरी यांगत्सेकाठच्या सखल मुलखात तो दुरूनही नजरेत भरतो. त्याचे जुने नाव झोंगशान, म्हणजे घंटेचा डोंगर. तिसऱ्या शतकात वू राज्याचा संस्थापक सुन च्युआन याने 229 साली आपली राजधानी इथे आणली आणि हे नाव बदलून टाकले, कारण त्याच्या आजोबांचे नावही झोंग होते आणि वडीलधाऱ्यांचे नाव उच्चारू नये असा संकेत होता. 252 साली सुन च्युआन वारला आणि या डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी असलेल्या एका टेकडीवर त्याला पुरण्यात आले. डोंगरावरील थोर समाधींच्या परंपरेची सुरुवात या दफनापासून धरता येते.

त्यानंतरचे मोठे वळण चौदाव्या शतकात आले. झू युआनझांग हा भूमिहीन शेतकऱ्याचा मुलगा; दुष्काळात आणि साथीत घरची माणसे गमावल्यावर तो बौद्ध मठात राहिला, भिक्षा मागत फिरला, पुढे बंडखोरांच्या सैन्यात शिरला आणि 1368 साली नानजिंगमध्ये सम्राट म्हणून गादीवर बसला आणि त्याच वर्षी त्याने मंगोलांना त्यांच्या राजधानीतून हटवले. 1381 साली त्याने आपल्या समाधीचे काम सुरू करवले आणि पुढच्याच वर्षी सम्राज्ञी मा वारल्याने तिला तिथे पुरण्यात आले. समाधीचे नाव श्याओलिंग. त्यातील ‘श्याओ’ या शब्दाचा अर्थ माता-पित्यांविषयीची भक्ती असा आहे. 1398 साली सम्राटही तिथेच विसावला. त्याच्याबरोबर अनेक उपस्त्रियांना सक्तीने मरण पत्करावे लागले, ही गोष्ट या समाधीच्या वैभवाचे वर्णन करताना गाळली जाऊ नये.

चिनी राजसमाधींकडे जाणारा मार्ग सहसा सरळ असतो, श्याओलिंगचा मात्र वळसा घेतो. वाटेत सुन च्युआनची टेकडी आहे. ती हटवण्याची सूचना कारागिरांनी केली तेव्हा झू युआनझांग म्हणाला, की तोही एक खंदा पुरुष होता, त्याला माझ्या दारावर पहारा देऊ द्या. अशी आख्यायिका आहे. काही अभ्यासकांना या वळणात सप्तर्षींची आकृती दिसते. कारण कोणतेही असो, अकराशे वर्षे जुन्या राजाला बाजूला न सारता त्याला आपल्या चौकीदारीवर नेमण्याची ही कल्पना झू युआनझांगच्या स्वभावाशी चांगलीच जुळते. या मार्गावर सिंह, उंट, हत्ती, घोडे आणि दोन काल्पनिक प्राणी अशा सहा जातींच्या दगडी प्राण्यांच्या बारा जोड्या आहेत. प्रत्येक जातीची एक जोडी उभी आणि एक बसलेली आहे.

बाहेरच्या दगडी कमानीवर सहाच अक्षरे कोरलेली आहेत: सर्व अधिकाऱ्यांनी इथे घोड्यावरून उतरावे. आज नानजिंग मेट्रोच्या दुसऱ्या मार्गिकेवरील एका स्थानकाला याच कमानीचे नाव आहे, त्यामुळे पर्यटक अजूनही ‘पायउतार व्हा’ अशा अर्थाच्या ठिकाणीच वाहनातून उतरतात.

सुन च्युआनला जागेवर राहू दिले असले, तरी भिक्षूंना ती सवलत मिळाली नाही. सहाव्या शतकाच्या आरंभी लियांग घराण्याच्या सम्राट वू याने बाओझी या भिक्षूच्या स्मरणार्थ इथे मंदिर आणि मनोरा उभारला होता. ती जागा समाधीसाठी हवी होती, म्हणून 1381 साली झू युआनझांगने हे मंदिर डोंगराच्या पूर्व अंगाला हलवले आणि त्याला लिंगगू हे नाव दिले. त्या काळातील एक इमारत अजून उभी आहे. सुमारे 54 मीटर रुंद, 38 मीटर खोल आणि 22 मीटर उंच असलेल्या या दालनात एकही लाकडी तुळई नाही. सगळा भार विटांच्या कमानींवर तोललेला आहे. इथे पूजा होत असे ती अमितायुस बुद्धाची. ‘अमित आयुष्याचा’ या संस्कृत नावाचे चिनी भाषांतर ‘वूलियांग’ आणि ‘बिनतुळईचे’ यासाठीचा चिनी शब्दही ‘वूलियांग’, त्यामुळे एकाच उच्चारात देव आणि बांधकाम दोन्ही सामावले. लाकडी मंदिरे पुढे जळून गेली, पण हे दालन टिकले.

लिंगगू मंदिरात आणखी एक ठेवा आहे आणि त्याचा धागा महाराष्ट्रापर्यंत पोहोचतो. सातव्या शतकात भारतभर फिरलेल्या ह्युएनत्संगाच्या कवटीच्या अस्थीचा एक अंश इथे जतन केलेला आहे. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन गेलेला आणि उपकार न विसरणारे पण अपमानाचा सूड घेणारे अशी इथल्या लोकांची नोंद करून ठेवणारा हाच तो यात्रेकरू. 1942 साली जपानच्या ताब्यात असलेल्या नानजिंगमध्ये खोदकाम चालू असताना या अस्थींची दगडी पेटी सापडली आणि त्यानंतर त्यांची वाटणी झाली. त्यांपैकी एक अंश 1957 साली भारतालाही भेट मिळाला.

समाधीतील मृताकडे जाऊन आपल्या सत्तेला मान्यता मिळवण्याची रीत पडली ती 1402 साली. झू युआनझांगच्या चौथ्या मुलाने गादीवर असलेल्या आपल्या पुतण्याविरुद्ध युद्ध करून नानजिंग जिंकले. तो शहरात शिरत असताना यांग रोंग या अधिकाऱ्याने त्याला अडवून विचारले, की आपण आधी समाधीला जाणार की आधी गादीवर बसणार? त्यातला इशारा ओळखून त्याने आधी वडिलांच्या समाधीचे दर्शन घेतले आणि मगच तो योंगले या नावाने सम्राट झाला. 1413 साली त्याने तिथे वडिलांच्या स्तुतीचा प्रचंड शिलालेख कासवाच्या पाठीवर उभारला. त्याआधी याहून कितीतरी पटींनी मोठी शिळा जवळच्या यांगशान खाणीत कोरायला घेतली होती. ती हलवणे अशक्य ठरल्याने तिचे खडकापासून पूर्ण न सुटलेले भाग आजही तिथेच आहेत. गादी बळकावलेल्या मुलाला पितृभक्ती किती मोठ्या आकारात दाखवावी लागली, याचे याहून बोलके माप मिळणार नाही.

1644 नंतर सत्ता मांचूंकडे गेली. मिंगनिष्ठ विद्वान गुपचूप येऊन श्याओलिंगपुढे अश्रू ढाळत, तर मांचू सम्राट कांगशी उघडपणे येऊन साष्टांग प्रणाम करी. 1699 च्या दौऱ्यात त्याने स्वहस्ते चार अक्षरे लिहून दिली, ज्यांचा आशय असा, की या सम्राटाचा राज्यकारभार तांग आणि सोंग घराण्यांहून सरस होता. ती अक्षरे कोरलेली शिळा आजही समाधीच्या आवारात आहे. हा प्रणाम खराही असेल, पण जिंकलेल्या प्रजेची समजूत काढणारी त्याहून स्वस्त तजवीज नव्हती. 1853 साली मांचू सत्तेविरुद्ध उठलेल्या ताइपिंग बंडखोरांनी नानजिंग घेतले आणि पुढील अकरा वर्षांच्या लढायांत समाधीचा लाकडी भाग नष्ट झाला. त्यानंतर आलेल्या परदेशी पाहुण्यांनी अवशेषांना हात लावू नये, अशी सूचना 1909 साली जपानी, रशियन, फ्रेंच, इंग्रजी, जर्मन आणि इटालियन भाषांत दगडावर कोरून लावण्यात आली. त्या दगडावरून तेव्हाच्या चीनची हतबल स्थिती कळते.

1912 च्या त्या भेटीनंतर काही काळाने सन यत-सेन याच डोंगरावर शिकारीला आले होते आणि मरणानंतर देशबांधवांकडे इथला जमिनीचा तुकडा मागेन, असे ते सोबत्यांना म्हणाले. 12 मार्च 1925 रोजी बीजिंगमध्ये त्यांचे निधन झाले. समाधीच्या आराखड्याची स्पर्धा ल्यू यानझी या तिशीतल्या वास्तुविशारदाने जिंकली. वरून घंटेसारखी दिसणारी रचना, पांढरा दगड आणि निळी कौले, आणि 392 पायऱ्या, ज्या खालून पाहताना सलग चढणच दिसते आणि वरून पाहताना फक्त सपाट टप्पे दिसतात. राजांच्या समाधींवरील पिवळी कौले इथे मुद्दाम टाळली आहेत, पण डोंगराच्या पोटाशी एका अक्षावर चढत जाणारी मांडणी मात्र त्यांच्याच वळणाची आहे. काम पुरे होण्याआधीच, मार्च 1929 मध्ये, ल्यू कर्करोगाने वारला आणि 1 जून रोजी सन यांची शवपेटी इथे आणण्यात आली. तिच्या मार्गासाठी शहरातून नवा रस्ता काढून दुतर्फा झाडे लावली गेली.

डिसेंबर 1937 मध्ये याच उतारांवर चिनी सैन्याने जपान्यांशी निकराची लढाई दिली, पण 13 तारखेला शहर पडले. त्यानंतर जपानच्या आश्रयाने नानजिंगमध्ये सरकार चालवणाऱ्या वांग जिंगवेई यालाही आपण सन यांचे खरे वारस आहोत असे दाखवायचे होते, आणि एके काळी तो त्यांचा निकटचा सहकारी होताही. 1944 साली जपानमध्ये मरण पावल्यावर त्याला सुन च्युआनच्याच टेकडीवर, सन यांच्या समाधीपासून थोड्याच अंतरावर, काँक्रीटच्या थडग्यात पुरण्यात आले. जपानच्या शरणागतीनंतर, युद्धकाळात नानजिंग सोडून गेलेले राष्ट्रीय सरकार राजधानीत परतण्याआधी, जानेवारी 1946 मध्ये, लष्कराच्या अभियंत्यांनी रात्रीच्या वेळी स्फोटके लावून ते थडगे उडवले आणि प्रेत जाळून टाकले. त्या टेकडीवर आता हजारो प्लमची झाडे आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांना बहर येतो, आणि वांगचे थडगे जिथे होते तिथे फुले पाहत बसण्यासाठी एक मंडप बांधलेला आहे.